बॉनेटवरची संत्र्याची साल

वाचकांचे प्रश्न : छोट्या गाड्यांचं स्प्रे रंगकाम

या वेळची सगळी पत्रं छोट्या गाड्यांच्या रंगाबद्दल आहेत. किटच्या, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या गाड्या, जुन्या धातूच्या गाड्या, आणि एक लाकडी नंदीही. पत्रं वऱ्हाडातून, वर्धा-नागपूरकडून आणि झाडीपट्टीतून आली आहेत. त्यामुळे उत्तरं देताना इथलं ऊन, इथला पावसाळा आणि तालुक्याच्या दुकानात मिळणारा माल डोळ्यांसमोर ठेवला आहे.

प्रश्न (वरुड, जि. अमरावती) : १:२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) किटच्या गाडीला स्प्रे कॅननं लाल रंग मारला. एप्रिल महिना, दुपारची वेळ, अंगणात. बॉनेट, टप आणि डिकीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे उठले. दारं मात्र बरी आली. तीनदा घासून पुन्हा मारला, तरी तेच. कॅन खराब असेल का?

उत्तर : कॅन चांगला आहे, वेळ चुकली. तुम्ही संत्र्याच्या मुलखातून लिहिताय म्हणून सांगतो, या दोषाचं रंगकामातलं नावच ‘ऑरेंज पील’, म्हणजे संत्र्याची साल. गॅरेजमधले पेंटर ‘दाणा आला’ म्हणतात.

कॅनमधून रंग बारीक थेंबांनी निघतो. हे थेंब बॉडीवर ओले पोचले, एकमेकांत मिसळले आणि वाळायच्या आत सपाट बसले, तरच रंग काचेसारखा दिसतो. एप्रिलच्या दुपारी, बेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत, थेंबातला थिनर वाटेतच उडतो. थेंब अर्धा वाळून चिकट झालेला असतो. टेकतो तिथेच गोटीसारखा बसतो, शेजारच्यात मिसळत नाही. अशा हजारो गोट्या म्हणजे तुमची साल.

दारं वाचली कारण ती उभी होती, त्यांच्यावर ऊन तिरपं पडत होतं. टप आणि बॉनेट उन्हाकडे तोंड करून तापले होते. त्यातही तुम्ही आधी वरचे भाग आणि मग दारं मारली असतील, तर दारांवर मारताना उडालेली रंगाची कोरडी धूळ पुन्हा टपावर आणि बॉनेटवरच उतरली. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी दारांच्या फटी, चाकांच्या कमानी, खालच्या कडा. मग दोन्ही बाजू, पुढचा आणि मागचा भाग. आडवे भाग सगळ्यांत शेवटी. ते शेवटी ओले झाले की त्यांच्यावर पडलेली धूळ त्या ओलीत विरघळून जाते.

आता दुरुस्ती. रंग पूर्ण काढू नका. दोन दिवस वाळू द्या. मग १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, हलक्या हातानं घासा. खड्डे चमकतात आणि घासलेला भाग मंद दिसतो. सगळीकडे सारखा मंदपणा आला की थांबा. धुवा, वाळवा.

एप्रिल-मे महिन्यात रंग पहाटे मारायचा. सूर्य उगवल्यापासून साडेसातपर्यंत. पंखा बंद, खोलीत हलका सडा टाकून धूळ बसवलेली, आणि बॉडी रात्रभर त्याच खोलीत ठेवलेली. हिवाळ्यात कॅन कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवतात तसं उन्हाळ्यात करू नका. उलट कॅन रात्री माठाशेजारी ठेवा. कॅन पन्नास अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, तो फुटू शकतो. म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत तो कधीच ठेवू नका.

कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवा. पहिला हात वीस सेंटिमीटरवरून, नुसता धुक्यासारखा. खालचा घासलेला थर दिसत राहिला तरी चालेल, पुढच्या हाताला पकड मिळावी एवढंच त्याचं काम. सात-आठ मिनिटांनी दुसरा हात पंधरा सेंटिमीटरवरून. दहा मिनिटांनी तिसरा, तेवढ्याच अंतरावरून पण हात जरा सावकाश. प्रत्येक फेरी बॉडीच्या बाहेर सुरू करायची आणि बाहेरच संपवायची. फवारा बॉडीवर असताना बोट दाबलं किंवा सोडलं की तिथे थुंकी पडते. पुढची फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे.

तिसऱ्या हाताला डोळा रंगावर ठेवू नका, उजेडावर ठेवा. ट्यूबलाइटची रेघ बॉनेटमध्ये दिसेल अशी बॉडी तिरपी धरा. फवारा येण्याआधी ती रेघ तुटक, दाणेदार असते. फवारा तिच्यावरून गेला की क्षणभर विस्कटते, आणि मग कडेपासून जुळत जुळत सलग होते. रेघ सलग झाली की हात पुढे न्यायचा. जुळली नाही तर कॅन दूर आहे किंवा हात घाईत आहे. जुळल्यावरही तिथेच थांबलात तर ओघळ येणार. ओघळ आला तर बोट लावू नका, पुसू नका. दोन दिवसांनी आइस्क्रीमच्या चपट्या काडीला १००० नंबरचा पेपर गुंडाळून तेवढाच उंचवटा घासून काढा.

प्रश्न (आमगाव, जि. गोंदिया) : जुलैमध्ये काळा चकचकीत रंग मारला. मारताना छान दिसत होता. पाच मिनिटांत त्यावर राखेसारखी पांढरी झाक आली. खोलीत कूलर चालू होता.

उत्तर : ती झाक ओलाव्याची आहे. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, बॉडी आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडते आणि हवेतलं पाणी अजून ओल्या असलेल्या रंगावर दवासारखं बसतं. काळ्या रंगावर ते जास्त दिसतं एवढंच. धानाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टची हवा आधीच पाण्यानं भरलेली, त्यात कूलर पाणीच फेकतो. रंगाच्या खोलीत कूलर कोणत्याही महिन्यात नको. मे महिन्यातल्या कोरड्या दिवशीही कूलरच्या झोतात मारलेला लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारा रंग, पांढरा पडू शकतो.

हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. नसेल तर बशीत चमचाभर बारीक मीठ पसरून रंगाच्या खोलीत तासभर ठेवा. मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेपासून पाणी धरू लागतं. ओलसर होऊन गोळा व्हायला लागलं, तर त्या दिवशी चकचकीत रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) दोन्ही मारू नका. प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारता येईल, कारण ते पुढे घासायचंच असतं.

पावसानं दोन-तीन दिवस उघाड दिली की दुपारी बारा ते तीनच्या मध्ये काम करा. बॉडी हवेपेक्षा किंचित कोमट असावी म्हणून रंग मारायच्या आधी पत्र्याच्या डब्यात चाळीस वॅटच्या पिवळ्या बल्बशेजारी अर्धा तास ठेवून काढा. रंग मारल्यावर मात्र ओली बॉडी त्या डब्यात नेऊ नका. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब एकत्र येता कामा नयेत. हात नेहमीपेक्षा पातळ द्या आणि मधे पंधरा मिनिटं सोडा.

आता आलेली झाक वरवरची असेल तर कोरड्या दिवशी २००० नंबरच्या पेपरनं हलकं घासून त्याच रंगाचा एक पातळ हात दिला की जाते. एअरब्रश (दाबलेल्या हवेनं रंग फवारणारं पेनासारखं यंत्र) असेल तर रिटार्डर, म्हणजे थिनर सावकाश उडू देणारं द्रव्य, घातलेल्या थिनरचा नुसता धुक्याइतका हात द्या. वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी सुटतं आणि काळा रंग परत येतो.

प्रश्न (हिंगणघाट, जि. वर्धा) : ऑटो पार्ट्सच्या दुकानातलं राखी प्रायमर किटच्या बॉडीवर मारलं. प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आल्या, आणि दारांच्या बारीक रेघा बुजल्या.

उत्तर : मोटारीचं प्रायमर पत्र्यासाठी बनवलेलं असतं. त्यातला थिनर कडक असतो आणि किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, तो विरघळवतो. ओला जाड हात पडला की थिनर आत शिरतो, प्लास्टिक फुगतं आणि वाळताना भेगाळतं. किटसाठी बनवलेलं प्रायमर मागवणं हा सरळ मार्ग आहे. दाबलेल्या वायूचे कॅन हवाई टपालानं जात नाहीत, रस्त्यानं येतात, तेव्हा पंधरा दिवस आधी मागवा. ऑटोचंच वापरायचं तर वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून चार कोरडे, धुक्याइतके हात, प्रत्येकामध्ये पंधरा मिनिटं. त्याआधी किटचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात, त्या चौकटीच्या तुकड्यावर मारून तासभर बघा. तुकडा नखाला मऊ लागला तर ते प्रायमर बॉडीवर नको.

भेगाळलेली बॉडी वाचते. ४०० नंबरनं भेगा संपेपर्यंत घासा, खोल राहिल्या त्यांत किटची पुट्टी भरा, मग ८००. बुजलेल्या रेघा सुईच्या टोकानं किंवा जुन्या कटरच्या पात्याच्या उलट्या बाजूनं, पट्टी धरून, तीन-चार हलक्या ओढींत पुन्हा कोरा. ही कोरीव रेघ प्रायमरच्या आधीच थोडी खोल करून घेतलेली बरी. खऱ्या मोटारीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन रंग असतो. त्याला २४ नं भागलं तर छोट्या गाडीवर चार-पाच मायक्रॉन यायला हवा. तेवढा पातळ थर कुणालाच जमत नाही, म्हणून रेघा बुजतात आणि कडा बोथट दिसतात.

खेळण्याच्या दुकानातल्या गाड्यांचं प्लास्टिक वेगळंही असू शकतं. न दिसणाऱ्या जागेचा बारीक तुकडा पाण्यात टाका. बुडाला तर बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, त्यावर रंग धरतो. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. त्यावर मारलेला रंग सालपटासारखा निघतो. त्याला आधी मोटारीच्या बंपरसाठी मिळणारं पीपी प्रायमर लागतं.

प्रश्न (मेहकर, जि. बुलडाणा) : मी दहावीत आहे. पहिलंच किट आहे. एअरब्रश नाही. तीन कॅन घेता येतील. सुरुवातीपासून काय काय करू?

उत्तर : तीन कॅन पुरतात : किटचं प्रायमर, रंग आणि क्लिअर, तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे, लॅकर. शंभर मिलिलिटरच्या कॅनमध्ये १:२४ च्या एक ते दोन बॉडी होतात.

बॉडी आधी भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धू. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर कारखान्यातूनच आलेला असतो. पुढच्या चाकाच्या कमानीवरून टपाकडे जाणारी बारीक उभी रेघ बोटाला लागेल, ती साच्याच्या जोडाची. ६०० च्या पेपरनं ती घालव. ती राहिली तर चकचकीत रंगाखाली ठळक दिसते. पुन्हा धू, आणि पुसू नकोस, कापडाचे तंतू राहतात. नुसती झटकून वाळव.

अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटलीत वाळू भर आणि तिच्या तोंडावर बॉडी आतून चिकटपट्टीनं बसव. आता बाटली धरून गाडी सगळीकडून फिरवता येते, रंगाला बोट लागत नाही.

प्रायमरचे दोन पातळ हात दे, एक दिवस वाळव, १००० नंबरनं ओलं घास, धू. प्रायमर इथे आरशाचं काम करतं. राहिलेला प्रत्येक ओरखडा तेच दाखवतं, आणि त्यासाठी मारायचं असतं. रंग पिवळा किंवा लाल असेल तर प्रायमर पांढरं घे. राखीवर पिवळा मळकट दिसतो आणि झाकायला पाच-सहा हात लागतात. किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर प्लास्टिकमधला लाल हळूहळू वर झिरपून गुलाबी झाक येऊ शकते. तिथे मधे चंदेरी रंगाचा एक हात अडसर म्हणून देतात.

रंगाचे तीन-चार हात, वरुडच्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे. मग बॉडी उपड्या प्लास्टिकच्या टबाखाली झाकून ठेव. तुमच्याकडे सोयाबीन निघतं तेव्हा मळणीचा भुसा आणि कापूस वेचणीत रुई घरभर तरंगत असते, आणि ती ओल्या रंगावर हमखास बसते. टबाची एक कड काडीवर टेकवून बोटभर उचललेली ठेव, वाफ बाहेर जायला हवी. दुसऱ्या दिवशी क्लिअरचे तीन हात.

आणि हे नीट वाच. कॅनचा फवारा आणि थिनर दोन्ही पेट घेतात, आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत सरपटत जाते. स्वयंपाकघरात, चुलीच्या किंवा देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या खोलीत रंग मारू नकोस. पडवी किंवा दोन्ही बाजूंनी उघडी खोली, वाऱ्याचा झोत नसेल अशी वेळ. तोंडाला रुमाल बांधल्यानं वाफ अडत नाही, कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. घरात मोठं माणूस असतानाच काम कर.

प्रश्न (अचलपूर, जि. अमरावती) : धातूच्या जुन्या १:१८ गाडीचा रंग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काढला. रंग निघाला, पण धातू काळपट पडला आणि खड्डे पडले.

उत्तर : या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात थोडं ॲल्युमिनिअमही असतं. कॉस्टिक सोडा हे दोन्ही धातू खातो. पाण्यात जे बुडबुडे दिसले तो हायड्रोजन वायू होता, तोही पेटणारा. प्लास्टिकच्या बॉडीवरचा इनॅमल (ऑइल पेंट) काढायला सोडा चालतो, ती युक्ती धातूला लावली की असं होतं.

आता वाहत्या पाण्याखाली पितळी तारांच्या ब्रशनं काळा थर घासून काढा, कोरडी करा. ३२० आणि मग ४०० नंबर. त्याच दिवशी एच प्रायमरचा, म्हणजे उघड्या धातूला धरणाऱ्या प्रायमरचा पातळ हात. उघडं जस्त दोन दिवस ठेवलं की त्यावर पुन्हा पांढुरका थर येतो आणि बोटांचे ठसेही पकडतो. खड्ड्यांत एनसी पुट्टी पातळ पातळ भरा. पेंटर जिला लांबी म्हणतात ती पुट्टी चालेल, पण एका वेळी जाड भरली तर महिनाभर आत बसत राहते आणि रंगावर खळगा उमटतो. ६०० नंबर, मग सरफेसर (बारीक ओरखडे भरणारं जाड प्रायमर).

पुढच्या गाडीला पेंट रिमूव्हर वापरा. १:१८ च्या गाड्या बहुतेक स्क्रूनं जोडलेल्या असतात. सगळे प्लास्टिकचे भाग, काचा, रबर आधी काढा. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून उघड्यावर ब्रशनं जाड थर लावा, दहा-पंधरा मिनिटांत रंग सुरकुतून वर येतो. फटींतला टूथब्रशनं काढा, साबणानं धुवा.

प्रश्न (पुसद, जि. यवतमाळ) : ऑइल पेंटवर आठ दिवसांनी लॅकर क्लिअर मारला, तर सगळा रंग सुरकुतला. का?

उत्तर : इनॅमल, म्हणजे आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो, तो वरून आठ दिवसांत वाळतो पण आतून कित्येक आठवडे घट्ट होत राहतो. लॅकरचा कडक थिनर वरच्या कातडीतून आत जाऊन तिला उचलतो. लॅकरवर इनॅमल चालतो, इनॅमलवर लॅकर नाही. सुरकुतलेला थर दुरुस्त होत नाही, सगळा काढावा लागेल.

प्रश्न (कारंजा, जि. वाशीम) : रंग मारताच ठिकठिकाणी गोल डोळे पडतात, मधे प्रायमर दिसतं.

उत्तर : तेल किंवा सिलिकॉन. केसांना तेल लावून त्याच हातानं बॉडी धरली, किंवा जवळपास कुणी डॅशबोर्डला चमक आणणारा स्प्रे मारला, तरी पुरतं. रंग त्या जागेपासून पळतो. अजून रंग ओतून डोळा बुजत नाही, मोठा होतो. वाळू द्या, १००० नं घासा, साबणानं धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं प्रत्येक जागा एकदाच पुसा आणि कापडाची बाजू प्रत्येक पुसणीला बदला. मग पहिले दोन हात अगदी कोरडे द्या.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा) : क्लिअरवर रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारलं. चमक आली, पण बॉनेटच्या कडांवरचा आणि दारांच्या मुठींवरचा रंग उडाला.

उत्तर : कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, ओला असताना तो कडेपासून मागे ओढला जातो. आणि पेपर किंवा कापड घासताना सगळा दाब तिथेच येतो. म्हणून पॉलिश करायच्या आधी प्रत्येक कडेवर, मुठीवर, बॉनेटच्या मधल्या धारेवर दोन मिलिमीटर रुंद मास्किंग टेप लावायची. सपाट भाग पूर्ण झाल्यावरच टेप काढायची आणि कडा शेवटी नुसत्या बोटानं, बारीक पॉलिशनं, चार-पाच वेळा फिरवायच्या.

क्लिअर किती दिवस वाळू द्यायचा हे नाकाला विचारा. बॉडी बंद डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी झाकण काढून वास घ्या. थिनरचा वास आला तर तो अजून बाहेर पडतोय. अशा वेळी घासलेली चमक आठवड्यानं मंद होते, कारण राहिलेला थिनर निघाला की थर आक्रसतो आणि खालचे ओरखडे वर उमटतात. हिवाळ्यात दहा-पंधरा दिवस लागतात. मे महिन्यात घराच्या सावलीतल्या खोलीत अडतीस-चाळीस अंश असतात, तिथे आठवड्याच्या आत वास जातो. आपला उन्हाळा फवारायला जितका वाईट, तितका वाळवायला चांगला. फक्त उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका, टपाचे पातळ खांब वाकतात.

घासणं असं. क्लिअरचे किमान तीन ओले हात असावेत. २००० नंबरचा पेपर अर्धा तास साबणाच्या पाण्यात भिजवलेला. खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून सरळ रेषेत, गोल गोल नाही. दर वीस-पंचवीस ओढींनंतर पुसून उजेडाखाली बघा. सालीच्या खड्ड्यांत चमकते ठिपके उरलेले दिसतील, ते संपले की थांबा. घासलेलं पाणी रंगीत झालं तर क्लिअर संपून तुम्ही रंगात पोचलात, तिथल्या तिथे सोडा. मग ३०००, मग गॅरेजमधलं साधं रबिंग कंपाउंड वाटाण्याएवढं, जुन्या सुती बनियनच्या मऊ कापडावर, आणि शेवटी बारीक पॉलिश. रेघांत अडकलेलं पांढरं कंपाउंड मऊ टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात काढा.

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती) : गॅरेजचा पेंटर हार्डनर घालायचा टू-के क्लिअर द्यायला तयार आहे. तो घासायलाही लागत नाही म्हणतो. घरी मारू का?

उत्तर : घरी नको. चमक उत्तम येते, पेट्रोलनंही जात नाही, हे सगळं खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही त्रास होतो. त्याला वास फारसा नसतो, त्यामुळे कार्बनचा मास्क संपलाय हे कळतही नाही. ज्या गॅरेजमध्ये बाहेरून शुद्ध हवा येणारा मास्क आणि बंद बूथ आहे, तिथे नेऊन मारून घ्या. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असताना पडवीत हा क्लिअर उडवणं आम्ही कुणालाही सुचवणार नाही.

प्रश्न (उमरेड, जि. नागपूर) : तान्ह्या पोळ्यासाठी मुलाचा लाकडी नंदी गाडीसारखा गुळगुळीत रंगवायचा आहे. प्रायमरवरही लाकडाचे तंतू उभे राहतात.

उत्तर : तंतू आधीच उभे करून कापायचे. ओल्या कापडानं नंदी पुसा, वाळला की उठलेले तंतू १८० आणि मग २४० नंबरनं कोरडेच घासा. हे दोनदा. मग सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) दोन हात, प्रत्येकानंतर ३२०. त्यावर सरफेसर, ६००, आणि पुढे गाडीसारखंच. तान्हा पोळा अमावास्येच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पावसाळ्यातच येतो, तेव्हा आठवडाभर आधीच्या उघाडीत रंग उरका. शिंगं आणि वशिंड वेगळ्या रंगात असतील तर टेपची कड लाकडी दात कोरणीनं दाबून बसवा, आणि आधी खालच्याच रंगाचा एक पातळ हात टेपच्या कडेवर मारा. फट असेल ती त्याच रंगानं बुजते आणि वरचा रंग आत झिरपत नाही.

प्रश्न (वणी, जि. यवतमाळ) : एअरब्रश आणि छोटा कंप्रेसर घेतला. ०.३ मिलिमीटरचं नोझल. लॅकर जाळ्यासारखा तंतू होऊन उडतो. चंदेरी मेटॅलिकवर तर ढग दिसतात.

उत्तर : तंतू म्हणजे रंग जाड आहे किंवा थिनर फार लवकर उडतोय. बाटलीतल्या एक भाग रंगाला दीड भाग थिनर घ्या, मे महिन्यात दोन भाग. कपाच्या भिंतीवर रंग वर चढवून सोडला की दुधासारखा खाली सरकावा आणि मागे पातळ पापुद्रा राहावा. उन्हाळ्यात साध्या एनसी थिनरऐवजी रिटार्डर असलेला, दुकानदार ज्याला स्लो थिनर म्हणतात तो घ्या. थेंबाला सपाट बसायला तोच वेळ देतो. दाब पंधरा ते वीस पीएसआय, अंतर आठ ते दहा सेंटिमीटर. दाब पंचवीसच्या वर नेला तर रंग पुन्हा कोरडा पडेल. हवेच्या नळीत पाणी अडवणारी बाटली हवीच, आणि टाकीतलं पाणी दर कामानंतर खालचा बोल्ट सैल करून काढा. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं तेव्हा मोटर नुसती गुरगुरते आणि फिरत नाही. तशीच चालू ठेवली तर जळते. टाकी सकाळी भरून घ्या.

मेटॅलिकचं गणित वेगळं आहे. त्यात ॲल्युमिनिअमच्या चकत्या असतात, आणि रंग फार ओला पडला की त्या तरंगत एका बाजूला जमतात. ते तुमचे ढग. खाली चकचकीत काळा मारून तो पूर्ण वाळू द्या, मग मेटॅलिकचे पातळ हात. शेवटचा हात पंधरा सेंटिमीटरवरून, जवळजवळ कोरडा, आडवा-उभा, म्हणजे चकत्या सगळीकडे सारख्या पडतील. मोटारीचा मेटॅलिक वापरलात तर चकत्या १:२४ च्या मानानं फार मोठ्या, चमकी लावल्यासारख्या दिसतात. किटसाठीचा बारीक चंदेरी घ्या. आणि मेटॅलिकवर थेट वॉटर पेपर कधीच नाही, घासलेली चकती काळी पडते आणि तिथे डाग राहतो. कचरा बसला असेल तर तो तसाच ठेवून आधी क्लिअरचे दोन हात द्या, मग त्या क्लिअरमध्ये घासून काढा.